वसंतातले यार्ड सेल आणि इस्टेट सेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलच्या मध्यावर फोर्सिथियाची झुडपे पिवळीजर्द झाली की ओहायोतल्या आमच्या भागात चौकाचौकांत पुठ्ठ्याच्या पाट्या दिसू लागतात. जाड मार्करने काढलेला बाण, त्याखाली रस्त्याचे नाव आणि पाटी नजरेत भरावी म्हणून बांधलेले दोन फुगे. हे पाहून गाडी वळवावी की नाही, असा प्रश्न अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना हमखास पडतो. गेली अनेक वर्षे वसंतातल्या शनिवारच्या सकाळी मी अशा पाट्यांमागे घालवत आलो आहे. त्यामुळे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

यार्ड सेल, गराज सेल आणि इस्टेट सेल यांत फरक काय आहे?

यार्ड सेल आणि गराज सेल यांत खरे तर फरक नाही. घरातले नकोसे जुने सामान विकण्यासाठी घरापुढच्या हिरवळीवर मांडले की यार्ड सेल आणि गाडी बाहेर काढून तिच्या जागी मांडले की गराज सेल. पावसाचा अंदाज असेल तर पहिल्याचा दुसरा होतो. प्रदेशाप्रमाणे नावे मात्र बदलतात. कनेक्टिकट आणि पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये यालाच टॅग सेल म्हणतात, ब्रुकलिनमध्ये अंगणच नसल्यामुळे लोक घराच्या पायऱ्यांवर सामान मांडतात आणि त्याला स्टूप सेल म्हणतात, तर चर्चच्या तळघरात भरतो तो रमेज सेल. ‘रमेज’ हा शब्द मुळात जहाजात माल रचून ठेवण्याच्या कामाशी संबंधित आहे, हे एकदा समजले की तिथल्या टेबलांवरच्या ढिगांकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

इस्टेट सेल ही निराळी गोष्ट आहे. आपल्याकडे ‘त्यांची कोकणात इस्टेट आहे’ असे म्हटले की जमीनजुमला आणि आमराई डोळ्यांपुढे येते. येथे मात्र एखाद्या व्यक्तीच्या मागे राहिलेले सर्वस्व, अगदी चमच्यापासून शिडीपर्यंत, त्या शब्दात येते. त्या सेलमध्ये सामान बाहेर मांडत नाहीत. घराचे दार उघडतात आणि गिऱ्हाइकांना आत घेतात. विक्री बहुधा घरचे लोक करत नाहीत, ती एखाद्या व्यावसायिक कंपनीकडे सोपवलेली असते आणि ती कंपनी एकूण विक्रीवर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक दलाली घेते. प्रत्येक इस्टेट सेलमागे मृत्यूच असतो असे नाही. मोठे घर आवरून वृद्धाश्रमात किंवा मुलांजवळच्या छोट्या सदनिकेत जाणारी जोडपीही सेल लावतात. लिलावाच्या धंद्यातली जुनी मंडळी कारणे तीनच सांगतात : डेथ, डेट आणि डिव्होर्स, म्हणजे मृत्यू, कर्ज आणि घटस्फोट.

हे सगळे वसंतातच का सुरू होते?

पहिले कारण साधे आहे. हिवाळ्यात अंगणात बर्फ असतो, गराजमध्ये हात गोठतात आणि रस्त्याकडेला गाडी लावायला जागा नसते. दुसरे कारण म्हणजे वसंतातली घरझाडणी. आपल्याकडे दिवाळीच्या आधी माळे उपसतात, तसे येथे बर्फ वितळल्यावर तळघरे आणि माळे उपसले जातात. तिसरे कारण घरांच्या खरेदी-विक्रीचे आहे. मुलांच्या शाळा संपून उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या सुमारास घर बदलावे असा बहुतेकांचा बेत असतो, त्यामुळे घर विक्रीला काढण्याआधीची आवराआवर एप्रिल-मे महिन्यांत होते आणि तिच्याबरोबर ‘मूव्हिंग सेल’च्या पाट्या लागतात.

ऋतूचा स्वतःचाही वाटा आहेच. हिवाळाभर शेजारी एकमेकांना फक्त गाडीच्या काचेतून दिसलेले असतात. मे महिन्यातल्या एखाद्या उबदार शनिवारी तेच शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, त्यांची मुले लिंबू सरबत विकायला बसतात आणि गल्लीत कोण कोण राहते याचा उलगडा एका सकाळीत होतो. आमच्या पलीकडच्या घरात तीस वर्षे पियानो शिकवणाऱ्या बाई राहतात, हे मला त्यांच्या सेलमधल्या स्वरलिपींच्या गठ्ठ्यावरून समजले. तोवर आम्ही फक्त बर्फ उपसताना एकमेकांना हात करत होतो.

आपल्याकडे असे सेल का होत नाहीत?

आपल्याकडे जुन्या वस्तूंना वाट फोडून देणारी माणसे दारापर्यंत येतात. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचे पातेले देते, रद्दीवाला वर्तमानपत्रे आणि पुस्तके तराजूत घालतो, तांब्यापितळेची भांडी मोडीत जातात, भंगारवाला सायकल नेतो आणि उरलेले घरकामाच्या मावशींकडे किंवा गावी जाते. त्यामुळे वस्तूच्या मालकाने स्वतः अंगणात बसून आपली जुनी गाळणी पन्नास सेंटला विकावी, अशी वेळ येत नाही. शिवाय तसे करताना आपल्याला थोडा संकोचही वाटेल.

पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार यांच्याशी यार्ड सेलची तुलना नेहमी केली जाते, पण ती पूर्ण बरोबर नाही. जुन्या बाजारात वस्तू पोहोचते तोवर तिचे घर तुटलेले असते. अडकित्ता कोणाच्या पानाच्या डब्यातला होता, हे विकणाऱ्याला सांगता येत नाही. यार्ड सेलमध्ये मालक समोर बसलेला असतो, तर इस्टेट सेलमध्ये मालक नसला तरी त्याचे घर असते. वस्तू तिच्या मूळ जागेवर, तिच्या सोबत्यांसह पाहायला मिळणे, हेच या भटकंतीचे खरे सुख आहे असे माझे मत आहे. स्वस्ताई नंतर येते.

गेलेल्या माणसाच्या वस्तू घ्याव्यात का? घरातल्या वडीलधाऱ्यांना ते आवडत नाही.

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेलेल्या माणसाचे कपडे आणि अंथरूण घरात ठेवू नये, ते दान करावे, अशी आपल्या अनेक घरांतली रीत आहे, तर दुसरीकडे आजीची पैठणी, आजोबांचे घड्याळ आणि पणजीचा तांब्या आपण अभिमानाने मिरवतो. म्हणजे आक्षेप बहुतेक वेळा वस्तू मृताची असण्याला नसून, ते मृत आपले नसण्याला असतो.

मी स्वतः एक सीमा ठरवून घेतली आहे. कपडे, पादत्राणे, अंथरूण-पांघरूण आणि देवाधर्माच्या वस्तू मी घेत नाही. भांडी, हत्यारे, पुस्तके आणि लाकडी सामान घेतो. ही सीमा तर्काने सिद्ध करता येणार नाही, पण ती पाळल्याने घरात वाद होत नाहीत. ज्यांना इस्टेट सेलचा विचारच नकोसा वाटतो त्यांनी यार्ड सेलपुरते जावे. तेथे मालक ठणठणीत असतो आणि भाव कमी करायला तयार असतो.

कौटुंबिक छायाचित्रांविषयी मात्र थोडे अधिक सांगायला हवे. अनेक इस्टेट सेलमध्ये एखाद्या टेबलाखाली खोक्यात लग्नाचे, समुद्रकिनाऱ्याचे, बाळाच्या पहिल्या पावलाचे फोटो सुटे पडलेले असतात. ते पाहताना हात थबकतो. माझ्या अनुभवात ते घेणारे लोक असतात, कोणी जुन्या छायाचित्रांचा संग्रह करतो, तर कोणी स्थानिक इतिहासासाठी घेतो. ते खोके तिथेच राहते याचे वाईट वाटते, तसेच ते कोणी उचलले तरीही वाटते.

इस्टेट सेलमध्ये आत गेल्यावर नेमके काय घडते?

सेल बहुधा गुरुवारी किंवा शुक्रवारी सुरू होऊन रविवारी संपतो. इस्टेटसेल्स डॉट नेट यांसारख्या संकेतस्थळांवर आठवडाभर आधी छायाचित्रे लावलेली असतात, पण घराचा नेमका पत्ता पुष्कळदा आदल्या दिवशीच जाहीर होतो. बुधवारी रात्री ती शंभर-दोनशे छायाचित्रे एकेक करून पाहणे हा या छंदाचा अर्धा भाग आहे, कारण छायाचित्र काढणाऱ्याने चांदीच्या भांड्यांवर रोख ठेवलेला असला तरी मागच्या फळीवरचे काहीतरी त्यात नकळत आलेले असते.

पहिल्या दिवशी दाराशी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात. काही ठिकाणी पहाटे पाचला पोहोचलेला पहिला माणूस स्वतःच कागदावर यादी सुरू करतो आणि मागून येणारे त्यात आपली नावे लिहितात. कंपनी ती यादी मानतेच असे नाही, म्हणून छोट्या अक्षरांतल्या सूचना वाचून जावे. एका वेळी पंधरा-वीस माणसांना आत सोडतात. मोठी हातपिशवी बाहेर ठेवायला सांगतात, तर काही घरांत बुटांवर कागदी आवरण चढवायला लावतात. दागिने आणि नाणी दाराजवळच्या काचेच्या पेटीत, कंपनीच्या माणसाच्या नजरेखाली असतात.

मग आपण एका अनोळखी घरात मोकळे असतो. व्यापारी मंडळी थेट दागिन्यांकडे, रेकॉर्डकडे किंवा हत्यारांकडे धावतात. हौशी माणसाने त्यांना जाऊ द्यावे आणि तळघरात उतरावे, कारण बैठकीची खोली पाहुण्यांसाठी सजवलेली असते आणि तळघर स्वतःसाठी. अमेरिकन तळघरातली एक युक्ती मला अतिशय आवडते. बाळाच्या मऊ खाण्याच्या छोट्या काचेच्या बरण्यांची झाकणे फळीच्या खालच्या बाजूला खिळ्याने ठोकलेली असतात आणि खिळे-स्क्रूंनी भरलेल्या बरण्या त्या झाकणांत फिरवून लटकावलेल्या असतात. घरातली मुले कधी मोठी झाली आणि वडिलांनी ते तळघर कधी सजवले, याचा अंदाज त्या बरण्यांवरून बांधता येतो.

स्वयंपाकघरातही असेच असते. पत्र्याच्या डब्यात पाककृतींची कार्डे असतात आणि त्यांवर तेलाचे डाग जिथे अधिक, तो पदार्थ अधिक वेळा झालेला. कोपऱ्यात पदार्थ सांगणाऱ्या बाईचे नाव लिहिलेले असते आणि एकच नाव दहा कार्डांवर असेल तर ती जिवाभावाची मैत्रीण असणार. अशी एक पेटी मी चार डॉलरला घेतली आहे. त्यातला एकही पदार्थ आमच्या घरी आजवर झालेला नाही.

काही विकत न घेता नुसते पाहायला गेले तर चालते का?

निःसंशय चालते. यार्ड सेलमध्ये मालकाला नमस्कार करावा, दोन वाक्ये बोलावीत, हवामानाचा विषय निघाला तर त्याला टाळू नये आणि निघताना आभार मानावेत, एवढीच अपेक्षा असते. एकही वस्तू न घेता परतलेल्या सकाळी मी वाया गेलेल्या मानत नाही. उलट वीस मिनिटांत पिशव्या भरून परतणाऱ्यांनी सेल पाहिलाच नाही, असे मला वाटते.

किती वाजता जावे?

वेचक वस्तू हवी असेल तर उघडण्याच्या वेळेला आणि कमी किमतीत हवी असेल तर शेवटच्या तासाला जावे. वेळेआधी जाऊन दार ठोठावणाऱ्यांना ‘अर्ली बर्ड’ म्हणतात आणि पाटीवर ‘नो अर्ली बर्ड्‌स’ लिहिलेले असेल तर ते मनापासून लिहिलेले असते. ईस्टरच्या शनिवार-रविवारी मात्र फारसे काही मिळत नाही.

घासाघीस करावी का?

करावी, पण तुळशीबागेतल्या पद्धतीने नाही. आपल्याला निम्म्याने सुरुवात करून पाऊणपटीवर येण्याची सवय असते. येथे दोन डॉलरच्या वस्तूला एक डॉलर म्हटले तर मालक देईलही, पण मनातून दुखावेल, कारण ती किंमत त्याने नफ्यासाठी नव्हे, तर वस्तूला अगदीच फुकट म्हणावे लागू नये म्हणून लिहिलेली असते. त्यापेक्षा चार-पाच वस्तू गोळा कराव्यात आणि सगळ्यांचे मिळून किती घ्याल, असे नम्रपणे विचारावे. याने दोघांचाही मान राहतो. एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. तीन डॉलरची वस्तू घासाघीस करून दोनला घ्यायची आणि मग पन्नासची नोट पुढे करायची, यासारखा दुसरा अपमान नाही.

इस्टेट सेलचे गणित निराळे आहे. पहिल्या दिवशी किमती बहुधा स्थिर असतात, दुसऱ्या दिवशी पाव भाग आणि शेवटच्या दिवशी निम्म्यापर्यंत सूट मिळते. काही कंपन्या बोलीची पेटी ठेवतात. आपण देऊ इच्छितो ती रक्कम आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा आणि वस्तू उरली तर ते कळवतात.

मराठी स्वयंपाकघरासाठी काय शोधावे?

सर्वप्रथम बिडाची भांडी. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथल्या ग्रिसवोल्ड कंपनीचे आणि आमच्याच ओहायोतील सिडनी येथल्या वॅग्नर कंपनीचे जुने तवे आणि कढया या सेलमध्ये अजूनही सापडतात. ग्रिसवोल्डचा ईरीतला कारखाना 1957 मध्ये बंद झाला. वॅग्नरची सुरुवात 1891 ची. त्या काळी ओतकामानंतर तव्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करत असत, आजच्या स्वस्त तव्यांवर असतो तसा खडबडीतपणा त्यांवर नसतो, म्हणून घावन, आंबोळी आणि धिरडी त्यांवरून सहज सुटतात. तव्याच्या पाठीवर 8 हा आकडा असेल तर तो सुमारे साडेदहा इंच व्यासाचा असतो. थालीपिठाला याहून योग्य माप नाही. विजेच्या सपाट शेगडीवर वापरायचा असेल तर तवा टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का ते पाहावे आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहावा : अखंड बीड घंटेसारखे वाजते, तडा गेलेले बद्द आवाज करते. गंजाला घाबरू नये. घासून, पुसून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन ओव्हनमध्ये तासभर भाजले आणि हे दोन-तीनदा केले की तवा तयार होतो. मात्र मासेमारीची वजने किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी काही लोक जुन्या कढयांत शिसे वितळवत, म्हणून तळाशी राखाडी धातूचा थर चिकटलेला असेल तर ते भांडे तिथेच सोडावे.

दुसरी वस्तू म्हणजे निळ्या फुलांची पांढरी कॉर्निंगवेअरची भांडी. 1953 मध्ये कॉर्निंग कंपनीतील शास्त्रज्ञ डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी चुकून ठरवलेल्या 600 अंश सेल्सिअसऐवजी 900 अंशांपर्यंत तापली. काचेचा लगदा झाला असेल असे त्यांना वाटले, तर आत पांढरी पाटी तयार झालेली होती आणि ती चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली तरी फुटली नाही. त्यातून निघालेली भांडी 1958 पासून विकली जाऊ लागली. ही जुनी भांडी शेगडीवर, ओव्हनमध्ये आणि फ्रीजमध्ये सारखीच चालतात, आणि दही विरजायला आमच्या घरी गेली दहा वर्षे तीच आहेत. त्याच नावाने पुढे निघालेली मातीची भांडी शेगडीवर ठेवता येत नाहीत, त्यामुळे तळाचा मजकूर वाचूनच घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे पायरेक्सचे पिवळा, हिरवा, लाल आणि निळा असे एकात एक बसणारे चार वाडगे दिसायला फार देखणे आहेत, पण त्यांच्यामागे संग्राहक लागलेले असल्यामुळे पूर्ण संच स्वस्तात मिळत नाही. पिवळा वाडगा एकटा सापडला तर तो कणीक भिजवायला घ्यावा. जुन्या रंगीत काचेच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ज्या बाजूला रंग आहे ती अन्नाला लागू देऊ नये.

स्वयंपाकघराबाहेर काय पाहण्यासारखे असते?

शिवणयंत्रे. सिंगर कंपनीचे फेदरवेट 221 हे 1933 मध्ये आलेले छोटे काळे यंत्र पेटीसह सापडले तर ते पाहताना तरी वेळ काढावा. त्याचे वजन जेमतेम पाच किलो आहे आणि गोधड्या शिवणाऱ्या अमेरिकन स्त्रिया आजही ते शोधत असतात. हातहत्यारांत जुने रंधे आणि पटाशी नव्यांपेक्षा बहुधा सरस असतात. चांदीच्या बाबतीत ‘स्टर्लिंग’ असा ठसा असेल तर साडेब्याण्णव टक्के चांदी, ‘सिल्व्हर प्लेट’ असेल तर नुसता मुलामा. कंपनीच्या माणसांनाही हे ठाऊक असते, त्यामुळे घबाड मिळेल या आशेवर राहू नये.

पुस्तकांवर मी बोलू लागलो तर हा लेख संपणार नाही. एवढेच सांगतो की नॅशनल जिऑग्राफिकचे पिवळ्या चौकटीचे जुने अंक प्रत्येक सेलमध्ये असतात, ते कोणीही विकत घेत नाही आणि तरीही ते फेकवत कोणालाच नाहीत.

काय अजिबात घेऊ नये?

लहान मुलांच्या सामानाबाबत कडक राहावे. एक बाजू खाली सरकणारे पाळणे 28 जून 2011 पासून विकण्यास अमेरिकेत बंदी आहे आणि ती अंगणातल्या विक्रीलाही लागू होते. 2008 च्या ग्राहक सुरक्षा कायद्यानंतर उत्पादकाने परत मागवलेली कोणतीही वस्तू विकणे बेकायदेशीर आहे, पण अंगणात बसलेल्या आजीबाईंना ते ठाऊक असेलच असे नाही, म्हणून ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर आपणच तपासावे. मोटारीतल्या बाळाच्या आसनावर मुदत छापलेली असते. मुदत शिल्लक असली तरी ते आसन अपघातात सापडले होते का हे कळायला मार्ग नाही. सायकलच्या हेल्मेटचेही तेच. रंगवलेले जुने खेळणे किंवा पाळणा 1978 च्या आधीचा असेल तर रंगात शिसे असण्याची शक्यता धरावी.

गाद्या आणि कापडी सोफे यांच्याबाबत एकच शब्द पुरे : ढेकूण.

या वस्तू भारतात नेता येतील का?

विजेवर चालणाऱ्या वस्तू नेण्याचा मोह टाळावा. अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्‌झ वीज असते, भारतात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्‌झ. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण हर्ट्‌झ बदलत नाहीत. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर विजेच्या हर्ट्‌झवर फिरणारी असेल तर तो भारतात एक षष्ठांश मंद चालतो आणि गायकाचा आवाज खाली उतरतो. एका स्नेह्यांनी असा प्लेअर सांगलीला नेला होता. तो आता फुलदाणीखाली आहे.

बिडाचा तवा जरूर न्यावा, पण सामानाच्या मोठ्या बॅगेत, कारण बिडाची भांडी विमानात हातातल्या बॅगेतून नेण्यास अमेरिकन सुरक्षा यंत्रणेची मनाई आहे.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांना न्यावे का?

अवश्य न्यावे. मॉलमध्ये त्यांना थकवा येतो आणि प्रत्येक किमतीचे रुपये करून धक्का बसतो, यार्ड सेलमध्ये तसे होत नाही. शिवाय भाषेची अडचण वाटत असली तरी वस्तू हातात असल्यावर संवाद सुरू होतो. माझ्या आईने एका वृद्ध अमेरिकन बाईंना विणकामाच्या सुया हातात घेऊन उलट टाका दाखवला आणि त्या दोघी अर्धा तास हिरवळीवर बसून राहिल्या, तोवर आम्ही गाडीत वाट पाहत होतो. इस्टेट सेलला नेताना मात्र आधी कल्पना द्यावी. काही ज्येष्ठांना दुसऱ्याचे संपूर्ण घर असे विकले जाताना पाहून स्वतःच्या घराची काळजी वाटू लागते, आणि परतीच्या वाटेवर गाडीत शांतता पसरते.

या भागांत मोठे सेल कुठे असतात?

अनेक वसाहती आणि छोटी गावे मे-जूनमध्ये एकच शनिवार ठरवून सामूहिक सेल लावतात. नवशिक्यांसाठी तेच उत्तम, कारण एकदा गाडी लावली की चालत वीस अंगणे पाहता येतात. मेमोरियल डे, म्हणजे मे महिन्यातला शेवटचा सोमवार, त्यानंतरच्या बुधवारपासून जुन्या नॅशनल रोडवर, म्हणजे अमेरिकन महामार्ग 40 वर, राज्याराज्यांतून यार्ड सेल लागतात आणि ओहायोतून जाणारा त्याचा पट्टा एका दिवसाच्या सहलीला पुरेसा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिमफील्ड येथे 1959 पासून भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार वर्षातून तीनदा असतो आणि त्याचा पहिला आठवडा मे महिन्यात येतो, पण तिथे व्यापारी असतात, घरमालक नव्हे. महामार्ग 127 वरचा सुमारे 690 मैलांचा प्रचंड सेल 1987 पासून चालू आहे. तो मिशिगनपासून अलाबामापर्यंत सहा राज्यांतून जातो, मात्र तो ऑगस्टमधला असल्यामुळे वसंताची मजा त्यात नाही आणि उकाडा भरपूर आहे.

आपण स्वतः सेल लावायचा असेल तर?

आधी गावाच्या कार्यालयात परवाना लागतो का आणि वर्षातून किती वेळा सेल लावता येतो, हे विचारावे. प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवावी, कारण विचारायला संकोचणारे गिऱ्हाईक निघून जाते. स्वतःच्या वापरलेल्या वस्तू घेतल्या त्याहून कमी किमतीत विकल्या तर त्यावर उत्पन्नाचा कर लागत नाही. आपल्या खास वस्तूंचे काय होईल हे सांगता येत नाही. आमचा सात वाट्यांचा मिसळणाचा डबा एका शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी बटणांसाठी घेतला आणि इडलीपात्र अंडी उकडण्यासाठी गेले. पुरणयंत्र मात्र दिवसभर टेबलावर राहिले आणि संध्याकाळी आम्ही ते परत घरात घेतले, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

संध्याकाळी उरलेल्या वस्तूंचे काय होते?

यार्ड सेलमधले उरलेले सामान गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीच्या दुकानात दान म्हणून जाते. ते नेण्याचाही कंटाळा आला असेल तर रस्त्याच्या कडेला खोके ठेवून त्यावर ‘फ्री’ असे लिहितात. इस्टेट सेलनंतर घर रिकामे करणारी निराळी माणसे येतात आणि अंगणात मोठी लोखंडी कचरापेटी उभी राहते. रविवारी तिन्हीसांजेला अशा रस्त्यावरून फेरी मारली तर दिव्याच्या छत्र्या, एकेकट्या खुर्च्या आणि कुंड्या दिसतात. सकाळी ज्यांनी दोन डॉलरवरून घासाघीस केली होती, तेच लोक आता हळूच गाडी थांबवून इकडेतिकडे पाहत ती खुर्ची उचलून मागे टाकत असतात. मी त्यांच्यात असतो.